बसलेला आवाज

गेल्या शबेबरातच्या आधी कोरीटच्या घराला चुना द्यायला गेलो होतो. घर आता वर्षभर बंदच असतं. आम्ही नंदुरबारला राहतो. सणासुदीला जाऊन कुलूप उघडायचं, झाडझूड करायची आणि परतायचं, एवढंच नातं उरलं आहे. माळा रिकामा करताना अब्बांचं पिंजण हाताला लागलं. लाकूड शाबूत होतं, तात मात्र उंदरांनी केव्हाच खाल्ली होती. शेजारी पत्र्याची पेटी होती. तिच्यात हिशेबाची वही, सुताची रिळं, गादी शिवायच्या लांब सुया आणि एका फडक्यात गुंडाळलेली कॅसेट. कॅसेटवरचं नाव पुसट झालं होतं, पण मला ते वाचायची गरज नव्हती. लकी अलीचा १९९६ सालचा पहिला अल्बम होता तो, ‘सुनो’.

पिंजाऱ्याच्या पेटीत गिटारवाल्याची कॅसेट कशी, असा प्रश्न कुणालाही पडेल. ती हकीकत सांगायची आहे. तसं पाहिलं तर ही हकीकत गाण्याची कमी आणि आवाजाची जास्त आहे.

कोरीट हे नंदुरबार तालुक्यातलं गाव. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्यामुळे माझं बालपण धुळे जिल्ह्यात गेलं आणि नोकरी नंदुरबार जिल्ह्यात झाली; गाव मात्र जागचं हललं नाही. या भागात कापूस आणि मिरची. हंगामात नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरतात, लांबून जमीन लाल दिसते आणि बसमध्ये बसलेल्या माणसांना एकाच वेळी ठसका लागतो. मिरचीनं बाहेरच्यांचा घसा धरायचा आणि कापसानं आमच्या घरातल्यांचा.

घरात आम्ही बोलायचो ती भाषा ना धड हिंदी, ना धड अहिराणी. उर्दू फक्त दुआपुरती. शाळेत मराठी. मला या तिन्ही-चारी भाषांत ये-जा करता यायची आणि त्याचा मला लहानपणापासून जरा गर्वच होता. अब्बांना मात्र घरची तेवढी बोली यायची आणि गावात अहिराणी.

अब्बांच्या तरुणपणी पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायचं असा धंदा होता. माणसाच्या उंचीएवढं ते धनुष्य. त्याला जनावराच्या आतड्याची तात ओढून बांधलेली. ते वरून दोरीनं टांगायचं, तात कापसाच्या ढिगात बुडवायची आणि हातातल्या लाकडी ठोकळ्यानं तिला ठोका द्यायचा. तात थरथरते, तिच्या थरथरीनं गाठोळलेला कापूस सुटा होतो, उडतो आणि फुलासारखा बाजूला पडतो. जुन्या गादीचा दगडासारखा झालेला कापूस तासाभरात ढगासारखा व्हायचा. लहानपणी मला ती जादू वाटायची. अब्बा सांगायचे, तात फार ताणली तर कापसाचा धागा तुटतो, ढिली ठेवली तर कापूस सुटत नाही. पावसाळ्यात हवेनं तात ओलसर होऊन सैल पडते, कापूसही दमट असतो, म्हणून ते चार महिने हाताला काम नसायचं. त्या महिन्यांत अब्बा दुसऱ्यांच्या शेतावर निंदणी-खुरपणीला जायचे.

या धंद्याची एक सोय होती. गावात शिरल्यावर आरोळी द्यावी लागत नसे. खांद्यावरच्या तातीला बोटानं छेडलं की तुंई-तुंई असा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. बायका दारात येऊन विचारायच्या, “चाचा, गादी कवय भरी देशात?” म्हणजे गिऱ्हाईक बोलवायचं काम तात करायची. अब्बांना फक्त उत्तर द्यायचं असे.

पुढे कापूस पिंजायची विजेची मशीनं आली. अब्बांनी उधारउसनवारी करून नंदुरबारला एकाच्या भागीत मशीन घेतलं. आता सायकलवरून जुन्या गाद्या गोळा करायच्या, मशीनवर पिंजून भरून परत पोचवायच्या. पिंजण माळ्यावर गेलं आणि गल्लीत आरोळी द्यायची पाळी अब्बांवर आली. आणि आवाज तर तोवर गेला होता.

वीस-पंचवीस वर्षं कापसाच्या धुळीत बसून त्यांचा आवाज बसला होता. माणसाच्या गळ्यात स्वरतंतूंच्या दोन घड्या असतात. पुरुष साधं बोलतो तेव्हा त्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकींना भेटतात. सूज धरली की नीट मिटत नाहीत. फटीतून हवा निसटते आणि शब्दाबरोबर खरखर बाहेर पडते. कापसाची धूळ छातीतही उतरते. गिरणी कामगारांच्या या दुखण्याला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. सुटीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती जास्त आवळते, अशी त्याची ओळख. हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हा फक्त एवढंच कळायचं की, अब्बा बोलायला लागले की समोरचा माणूस कपाळाला आठ्या घालून पुढे वाकतो. गावातली पोरं त्यांना ‘घोगरा चाचा’ म्हणायची. “चाचा, जरा जोरमा बोला ना,” असं म्हणून हसायची. अब्बाही हसायचे.

एकदा मात्र हसले नाहीत. रमजानचे दिवस होते. शहरातल्या एका मशिदीत मुअज्जिन गावाला गेला होता. अब्बा वेळेच्या आधी पोचले होते. अजान द्यायला ते पुढे झाले, तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, “चाचा, रहने दो. आपकी आवाज कौन सुनेगा?” बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. अब्बा माघारी येऊन सफमध्ये बसले. मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांनी टोपी सारखी केली आणि खाली बघत राहिले. घरी येताना सायकलच्या दांडीवर बसलेल्या मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. तोसुद्धा खरखरीत होता.

आता माझी गोष्ट. १९८८ साली मी आठवीला नंदुरबारच्या एका शाळेत गेलो. फीच्या माफीचा अर्ज द्यायला पालकांना बोलावलं होतं. अब्बा स्वच्छ पांढरा पायजमा-सदरा घालून आले. केसांत तरीही कापसाचे तंतू होतेच. कचेरीच्या खिडकीपुढे रांग होती. अब्बांनी तोंड उघडलं आणि मागची पोरं फिसकन हसली. आतल्या माणसानं दोनदा “काय? काय?” विचारलं. माझे कान तापले. मी अब्बांच्या पुढे घुसलो आणि म्हणालो, “अब्बा, तुम मत बोलो. मैं बोलता.”

आणि मी बोललो. शुद्ध मराठीत, खणखणीत आवाजात. काम झालं. परत फिरताना अब्बांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना अभिमानच वाटला असणार. मला मात्र ठाऊक होतं की मी त्यांना मदत केली नव्हती, त्यांना झाकलं होतं.

पुढे ती सवयच झाली. तलाठ्याकडे, बँकेत, दवाखान्यात, बहिणीच्या सोयरिकीच्या बैठकीत, सगळीकडे ‘मैं बोलता’. अब्बा शेजारी बसायचे आणि मान हलवायचे. हळूहळू ते घरातही कमी बोलायला लागले. लोक म्हणायचे, पोरगा कर्ता झाला. कुणाच्याच लक्षात आलं नाही की एका माणसाचं बोलणं आम्ही बंद करून टाकलं. मीही ते कुणाला सांगितलं नाही.

१९९७ चा उन्हाळा. डी.एड. होऊन नोकरीची वाट बघत होतो. एका मित्राच्या घरी केबल होती. तो काळच निराळा होता. अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ येऊन गेलं होतं, दलेर मेहंदी लग्नाच्या मांडवात पोचला होता, आणि सिनेमात नसलेली हिंदी गाणीही खेड्यापाड्यांत वाजू लागली होती. मित्राच्या टीव्हीवर एक गाणं लागलं. वाळवंट, पिरॅमिड, उंचापुरा दाढीचे खुंट वाढलेला माणूस, गिटारची तार आणि त्यावर एक आवाज. तो आवाज गळ्यातून सरळ येतच नव्हता. कुठंतरी अडत होता, घासत होता, मग बाहेर पडत होता. गाण्याचं नाव ‘ओ सनम’. मित्र हसून म्हणाला, “अरे, याचा आवाज तर तुझ्या अब्बांसारखा आहे!”

मी त्याच्याबरोबर हसलो. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन ती कॅसेट घेतली.

आपल्या कानांना गाण्याचा आवाज म्हणजे काय, हे सिनेमानं शिकवलं. रफीसाहेबांचा आवाज, लताबाईंचा आवाज. त्या आवाजांत काही अडत नाही, काही सांडत नाही. ती मोठीच देणगी आहे आणि तिच्याबद्दल तक्रार करणारा मी कोण? पण त्या मापानं मोजायचं ठरलं तर बसलेल्या आवाजाच्या माणसानं गप्प बसावं हेच खरं ठरतं. लकी अली त्या मापात बसत नव्हता आणि बसायचा प्रयत्नही करत नव्हता. ‘सुनो’ ऐकताना पहिल्यांदा जाणवतं ते हे की, आवाज मोठा करण्यासाठी काही केलेलंच नाही. पुढे गिटार, मागे मोजकी वाद्यं आणि अगदी कानाजवळ तो माणूस. ओळीच्या शेवटी श्वास संपतो तोही ऐकू येतो. वरच्या सुरात जाताना आवाज चिरतो, तर तो चिरू दिला आहे. संगीताला मायकी मॅक्क्लिअरी या न्यूझीलंडच्या माणसाचा हात होता, शब्द सय्यद अस्लम नूर यांचे. रॉक म्हणावं तर त्यात आदळआपट नाही. फकिरानं पहाटे दारावरून जावं तसं काहीसं ते आहे. सवाल टाकायचा आणि पुढे चालू लागायचं.

दूरच्या जगात हे नवं नव्हतं. अमेरिकेत लुई आर्मस्ट्राँगचा खरबरीत गळा लोकांनी डोक्यावर घेतला होता. बॉब डिलनच्या आवाजाची तर टिंगल करणारे कितीतरी होते, पण त्याच गाण्यांना २०१६ साली साहित्याचं नोबेल मिळालं. कोरीटला यातलं काही पोचलं नव्हतं. पोचला तो एक कॅसेटीचा आवाज, आणि तो मकसूद महमूद अली नावाच्या, मुंबईत जन्मलेल्या माणसाचा होता.

कॅसेट घेऊन गावी आलो. जुना टेपरेकॉर्डर होता, वीज नसली की सेलवर चालायचा. अब्बा ओट्यावर बसून रजईला टाके घालत होते. मी काही न बोलता गाणं लावलं. गिटारची तार वाजली तशी अब्बांनी मान वर केली.

“ये तात है,” ते म्हणाले.

“गिटार है, अब्बा.”

“वोइच. तात है. बराबर खींची है. ना जास्ती, ना कम.”

मग आवाज सुरू झाला. अब्बांची सुई चालत होती. गाणं अर्धं झाल्यावर त्यांनी विचारलं, “ये कौन गा रा? इसका भी गला बैठेला है क्या?”

“महमूद का लड़का है.”

“कौन महमूद? वो हसानेवाला?”

“हौ.”

सुई थांबली. अब्बांच्या पिढीला महमूद म्हणजे घरचा माणूस. ‘गुमनाम’, ‘पडोसन’ त्यांनी नंदुरबारच्या टॉकीजमध्ये पाहिलेले. ‘कुँवारा बाप’ हा १९७४ चा सिनेमा तर त्यांच्या आवडीचा. रिक्षा ओढणारा गरीब माणूस पोलिओ झालेलं मूल वाढवतो, अशी गोष्ट. महमूदच्या स्वतःच्या एका मुलाला, म्हणजे लकीच्या भावाला पोलिओ होता आणि त्या सिनेमात त्यानं कामही केलं आहे. ‘वो पिच्चर में मैं रोया था’ हे अब्बा आम्हाला अनेकदा सांगायचे. मी त्यांना सांगितलं की, याची आई मीनाकुमारीची बहीण, म्हणजे मीनाकुमारी याची खाला.

“तभी,” अब्बा म्हणाले. “बाप ने दुनिया को हसाया, खाला ने रुलाया. ये बीच में बैठा है.”

पुन्हा टाके घालायला लागले. थोड्या वेळानं, मान वर न करता त्यांनी विचारलं, “इसको किसी ने बोला नहीं, तू मत गा करके?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. टोमणा मारणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. पण माझ्या तोंडातून शब्द फुटेना. शाळेची ती खिडकी दिसत होती.

“नहीं अब्बा,” शेवटी मी म्हणालो. “लोग पैसे देके सुनते.”

“अच्छा,” ते म्हणाले, आणि दोऱ्याला गाठ मारली.

कॅसेट मग त्यांचीच झाली. गाद्या भरताना ते ती लावून ठेवायचे. बोल किती कळायचे देव जाणे. पण ठोका द्यायची जुनी सवय हातात होती, तालावर बोटं हलायची. एकदा तबलीगच्या वाटेवरचे आमचे एक नातलग आले होते. त्यांनी अब्बांना समजावलं की वाद्यांचं गाणं ऐकणं बरं नव्हे. या प्रश्नावर उलेमांमध्ये शतकानुशतकं चर्चा झाली आहे. कुणी साफ मनाई सांगतात, कुणी शब्द काय आणि हेतू काय ते बघा म्हणतात; दुसरीकडे आपल्याच उरुसांत रात्रभर कव्वाली चालते. माझ्यासारख्यानं त्यात निवाडा द्यावा असं नाही. अब्बांनीही दिला नाही. “नमाज के टैम बंद रहता, भाई,” एवढंच म्हणाले. आणि ते खरं होतं. अजान कानावर आली की आधी टेपचं बटण दाबायचे, मग उठायचे. पाहुणे गेल्यावर म्हणाले, “मेरे जैसा गला सुनने को मिलता, वो बात उनको कैसे बताऊं?”

त्या दिवसापासून मी सुधारलो असं लिहिलं तर ते खोटं होईल. १९९९ ला जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो. पगार सुरू झाला तसा माझा आवाज आणखी खणखणीत झाला. बँकेच्या साहेबासमोर ‘मैं बोलता’ चालूच होतं. चांगलं वागायला हवं हे कळायला एक गाणं पुरतं, तसं वागायला वर्षं लागतात.

२००३ साली मला मुलगी झाली. नंदुरबारच्या एका दवाखान्यात सगळे जमलो होतो. बाळाच्या कानात अजान कुणी द्यायची, असा विषय निघाला. माझे सासरे म्हणाले, ओळखीचे एक हाफिजसाहेब आहेत, आवाज फार गोड, त्यांना बोलावू. सगळ्यांनी मान डोलावली. अब्बा भिंतीला टेकून उभे होते, हातात टोपी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. आयुष्यभर आपल्याच जागेवरून बाजूला व्हायला शिकलेल्या माणसाची ती नजर होती, आणि शिकवणाऱ्यांत मी होतो.

या वेळीही मीच बोललो. “अब्बा देंगे,” म्हणालो.

अब्बा पुढे आले. हात थरथरत होते. बाळाचा उजवा कान तोंडाशी धरून त्यांनी अजान सुरू केली. एवढ्या जवळून द्यायची अजान, तिला गळ्याची ताकद लागत नाही. ती खरखर, तो तुटता श्वास, मध्येच गिळलेला आवंढा, सगळं त्या चिमुकल्या कानात जात होतं. मुलगी रडायची थांबली, हसली, असं काही झालं नाही. ती रडतच होती. पण अब्बा थांबले नाहीत. शेवटपर्यंत गेले, मग डाव्या कानात इकामत म्हटली. मशिदीत राहून गेलेली अजान त्यांनी पंधरा वर्षांनी दवाखान्याच्या खोलीत पुरी केली. माझी अम्मी पदरानं डोळे पुसत होती. तिला मशिदीतली गोष्ट कुणी सांगितली होती, मला माहीत नाही.

२३ जुलै २००४ ला महमूद अमेरिकेत वारले. बातमी ऐकून अब्बा म्हणाले, “उसके लड़के को कैसा लगा होगा?” त्या संध्याकाळी त्यांनी कॅसेट लावली. तोवर ती जागोजागी घसरायला लागली होती, मूळच्या खरखरीत टेपची खरखर मिसळली होती. मशीन बंद पडून वर्ष झालं होतं. फोमच्या गाद्या दुकानात आयत्या मिळू लागल्या होत्या आणि जुना कापूस पिंजून घ्यायला कुणाला वेळ नव्हता.

अब्बा २००९ ला गेले. शेवटच्या महिन्यांत आवाज पूर्ण गेला होता. ओठ हलायचे, वारा यायचा. आम्ही सगळे ओठांजवळ कान नेऊन ऐकायचो. आयुष्यात पहिल्यांदाच घरातले सगळे त्यांचं बोलणं इतकं लक्ष देऊन ऐकत होते.

त्यांचा आवाज कुठंही टेप केलेला नाही. माझ्याकडे टेपरेकॉर्डर होता, कोऱ्या कॅसेटी होत्या; त्यांवर मी मुशायरे भरून घेतले, भाषणं घेतली, शाळेच्या संमेलनातली पोरांची गाणी घेतली. ओट्यावर बसलेल्या बापापुढे माईक धरावा असं एकदाही सुचलं नाही. जो आवाज लपवायचा त्याची टेप कोण करून ठेवतं?

नोव्हेंबर २०२० मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, मुलीनं मोबाइल पुढे केला. अभिनेत्री नफिसा अली यांनी गोव्यातून टाकलेली चित्रफीत होती. लकी अली गिटार घेऊन बसला आहे, चारचौघांत ‘ओ सनम’ म्हणतो आहे. वय बासष्ट. दाढी पांढरी. आवाज पहिल्यापेक्षाही बसलेला, कोरडा, मध्ये मध्ये विरणारा. आणि लाखो लोक ती चित्रफीत बघत होते. मुलगी सतरा वर्षांची. ती म्हणाली, “अब्बू, किती छान ना? असं वाटतं कुणीतरी आपल्या घरातलंच गातंय.”

मी काही बोललो नाही. उठून बाहेर गेलो.

शाळेत रोज परिपाठ होतो. प्रार्थनेला पुढे कुणाला उभं करायचं ते मी ठरवतो, आणि वीस वर्षं मी गोड गळ्याचीच पोरं निवडत आलो होतो. कोरोनानंतर शाळा उघडली तेव्हा पाचवीत एक भिल्ल मुलगा होता. आवाज भसाडा, पण बोलायची हौस दांडगी. त्यानं वाचायला सुरुवात केली की वर्ग हसायचा आणि दुसरं एखादं पोर उठून म्हणायचं, “सर, मी वाचतो.” ते ‘मी वाचतो’ मला ओळखीचं वाटलं. त्या पोराला खाली बसवलं आणि ह्याला म्हटलं, तू वाच. पूर्ण धडा वाच. आता तो परिपाठाला सुविचार सांगतो. हसणारे अजूनही हसतात. तो थांबत नाही, एवढं झालं आहे.

शबेबरातच्या आधी पेटीतून निघालेली ती कॅसेट मी नंदुरबारला घेऊन आलो. फीत चिकटली होती. पेन्सिल घालून फिरवली तर तुटली. मुलीनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. तिच्या पिढीला हे यंत्र नवलाचं. मग तिनं विचारलं, “दादांचा आवाज कसा होता? मला आठवतच नाही.”

मी नक्कल करायचा प्रयत्न केला. माझ्या खणखणीत गळ्यातून ती निघेना. शेवटी मोबाइलवर ‘सुनो’ लावून दिलं आणि म्हणालो, “साधारण असा. फक्त यात कापूस मिसळ.”

ती डोळे मिटून ऐकत बसली. मी तिच्या शेजारी बसलो आणि गाणं संपेपर्यंत काही बोललो नाही.